चालकाशी बोलू नये

मास्तरांचा संसार घरात झालाच नाही, तो झाला रस्त्यावर. कुणी भलतासलता अर्थ काढू नये. घर होतं, दोन खोल्यांचं, चांगलं पक्कं. पण त्या दोन खोल्यांत माणसं इतकी, की नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं म्हणजे भर सभेत भाषण करायचं. सासूबाई होत्या, सासरे होते, एक दीर होता, आणि एक नणंद होती, जिच्यापुढे भिंतीला असतात म्हणतात ते कान काहीच नव्हेत. मास्तर बायकोला नुसतं "पाणी दे" म्हणाले तरी ते चौघं ऐकत आणि त्यातले दोघं त्यावर मत देत.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते बस कंडक्टर. बसमधली माणसं कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसले हे मास्तर. गल्लीनेही तेच नाव उचललं आणि मग त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई होण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. बाई घरबसल्या शर्टांना काजं-बटणं करायच्या. कारखान्यातून शर्टांचा गठ्ठा यायचा, खिडकीपाशी बसून दिवसभर सुई चालायची. बोटं चालायची, तोंड मात्र बंद. सगळं तुंबून राहायचं ते संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी मास्तर ड्यूटीवरून यायचे. चहा झाला की बोटाच्या पेराने दाराच्या चौकटीवर दोनदा वाजवायचे. टक टक. बसमध्ये एक घंटा म्हणजे थांब आणि दोन घंटा, कंडक्टरांच्या भाषेत डबल, म्हणजे निघ, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बाईंना शिकवून झालं होतं. टक टक ऐकली की बाई सुई शर्टातच खोचून उठत. "जरा पाय मोकळे करून येतो," असं सासूबाईंना सांगायचं. पाय कसले, दोघं तोंडं मोकळी करायला जात होती.

कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची टपरी. ती ओलांडली की मास्तर सुरू. आज एक म्हातारी कोंबडीचं पिल्लू पदराखाली लपवून कशी चढली आणि पिल्लाने ऐनवेळी कसा सूर लावला. एक नवरदेव उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून कसा निम्म्या गावापर्यंत गेला. मास्तर चालता चालता म्हातारी व्हायचे, नवरदेव व्हायचे, पिल्लू व्हायचे. बाई हसून हसून फुटपाथवरून खाली उतरायच्या आणि मास्तर त्यांना दंडाला धरून वर घ्यायचे, तेही गोष्ट न थांबवता. ज्या माणसाने हलत्या बसमध्ये मांडीने बाक धरून, एका हाताने तिकीट फाडत, दुसऱ्याने सुटे मोजत, तोंडाने "पुढे सरका मंडळी, पुढे मैदान मोकळं आहे" म्हणत आणि एक डोळा मागच्या दारावर ठेवून जन्म काढला, त्याला चालणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत याचा पत्ताच नव्हता.

सगळं त्या रस्त्यावर ठरलं. मुलीचं नाव ठरलं, तिची शाळा ठरली, दिराला कधी आणि कसं सांगायचं की बाबा रे, आता तू तुझी जागा बघ, तेही ठरलं. भांडणंसुद्धा तिथेच. पण परतताना घराच्या अलीकडे जो विजेचा खांब होता, तिथे आलं की मास्तर म्हणत, "शेवटचा थांबा. गाडी रिकामी करा." म्हणजे काय बोलायचं राहिलं असेल ते इथे टाका, घरात न्यायचं नाही. रस्त्यातलं रस्त्यात. नणंदेच्या कानांसाठी केलेला हा कायदा.

पुढे सासूसासरे गेले. दीर वेगळा झाला. नणंदेचे कान दुसऱ्या घरी नांदायला गेले. मुलगीही लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. दोन खोल्यांत दोनच माणसं उरली, पण जीभ काही घरात रुळली नाही. घरात "दूध आलं का?" आणि "आलं" एवढंच. बाकी सगळं कोपऱ्यापलीकडे. कायद्याचं कारण गेलं तरी कायदा राहिला, तसं होतंच.

मग एका सकाळी दाढी करताना मास्तरांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकले आणि उजवी बाजू त्यांच्याबरोबर वर आलीच नाही. अर्धांगाचा झटका. दवाखाना झाला, देवाधर्माला बोलून झालं, लेकीच्या रजा संपल्या. हळूहळू तोंड सरळ झालं. शब्द परत आले, पण एकेक करून, उशिरा. पायही परत आला, काठीच्या जिवावर.

त्यांना चालायला शिकवणारी फिजिओताई वयाने लहान, पण कामात पक्की. तिने पहिल्याच दिवशी बाईंना समोर बसवून सांगितलं, "काकू, आधी चालायला डोकं लागत नव्हतं. पाय आपले आपण जायचे आणि डोकं गप्पा मारायला मोकळं. आता एकेक पाऊल डोक्याला टाकावं लागतंय. त्यात त्याला दुसरं काम दिलंत ना, बोलायचं, काही आठवायचं, हातात कप धरायचा, की ते पायाला विसरतं आणि माणूस पडतो. म्हणून रस्त्यावर चालताना काकांशी बोलायचं नाही."

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर मात्र अर्ध्या तोंडाने हसले.

"पाटी," ते म्हणाले.

"काय?"

"बसमधली. गाडी चालू असताना... चालकाशी... बोलू नये." मग थोडा श्वास घेऊन, "इतके दिवस कंडक्टर होतो. आता... ड्रायव्हर झालो."

जन्मभर त्याच पाटीखाली उभं राहून त्यांनी ड्रायव्हरांशी गप्पा मारल्या होत्या, हे फिजिओताईला कुठून ठाऊक असणार. ती पुढे काही सांगत होती, तेवढ्यात बाहेर रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. "थांब रे बाबा, आलो," करत बाई बाहेर धावल्या. उरलेलं सांगणं मास्तरांनी एकट्यांनीच ऐकलं.

पहिल्यांदा दोघं फिरायला निघाली ती संध्याकाळ बाईंना सणासारखी वाटली होती. मास्तरांनी काठीच्या मुठीने चौकटीवर टक टक केली होती. निघण्याआधी त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताने चहाखालचा गॅस बंद केला होता. झटक्यानंतर घरातलं हे एकच काम त्यांनी मागून घेतलं होतं. चहा बाईंनी करायचा, बटण मास्तरांनी फिरवायचं. कोपऱ्यापर्यंत दोघं गुमान चालली. टपरीपलीकडे इस्त्रीवाल्याचा एक सिमेंटचा कट्टा होता, तिथे फुटपाथ थोडा उतरता होता. आणि नेमकं तिथे, वर्षानुवर्षं घराबाहेर पडलेल्या कुठल्याही बाईच्या मनात येतं, तेच बाईंच्या मनात आलं. मनात आलं ते तोंडात आलं.

"अहो, गॅस बंद केला होतात ना?"

मास्तरांनी उत्तर द्यायला मान वळवली. तोंड उघडलं. आणि डोकं पायाला विसरलं.

इस्त्रीवाला गरम इस्त्री हातात घेऊनच धावला. भुवईला टाके पडले, मनगट सुजलं. जन्मभर बाईंनी त्या रस्त्यावर नको नको ते विचारलं होतं, दिराच्या वाटणीपासून दुसऱ्या बायकांकडे बघता का इथपर्यंत. माणूस पाडला तो गॅसने. घरी येऊन बघितलं तर बटण व्यवस्थित बंद. ते बघून बाईंना जास्त रडू आलं.

लेक धावत आली. बापाची भुवई बघितली, आईकडे बघितलं, आणि म्हणाली, "आई, आणखी एकदा पडले तर फिरणं बंद. मग तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं. लिफ्ट आहे, दिवसभराची बाई आहे, गॅलरीत आरामखुर्ची आहे. बसतील निवांत." तिचंही काही चुकत नव्हतं. पण बाईंना ती आरामखुर्ची दिसली. तिच्यात मास्तर दिसले, बसलेले. लेकीच्या घराखाली मोठा रस्ता होता, गाड्यांचा. चालायचा रस्ता तिथे नव्हताच.

मग मात्र बाईंनी तोंडाला कुलूप लावलं. रोज संध्याकाळी मास्तरांचं उजवं कोपर धरून निघायचं, छापखान्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. मास्तरांचे डोळे पायाकडे, बाईंचे डोळे मास्तरांच्या पायाकडे. तोंडाशी शब्द आला की बाई तो गिळून टाकायच्या. वाटेत सगळं तेच होतं, टपरी, कट्टा, पोस्टाची पेटी, बंद पडलेल्या छापखान्याचं शटर. फक्त आवाज नव्हता. एकदा पुढून एक जोडपं कडाकडा भांडत आलं. ती त्याला म्हणत होती, तू माझं कधी ऐकूनच घेत नाहीस. बाई त्या पोरीकडे मागे वळून वळून बघत राहिल्या. इतका हेवा त्यांना जन्मात कुणाचा वाटला नव्हता, दागिन्यांनी मढलेल्या बाईचासुद्धा नाही.

माणूस डोळ्यांसमोर आहे, त्याचं कोपर आपल्या हातात आहे, आणि त्याची आठवण येतेय, हे सांगायचं कुणाला? लेकीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अगं मग घरात बोला ना.

तेही करून बघितलं. एका दुपारी बाई शर्टांचा गठ्ठा बाजूला सारून मास्तरांच्या समोर खुर्ची घेऊन बसल्या.

"बोला," म्हणाल्या.

"काय?"

"काहीही. काहीतरी बोला."

मास्तर भांबावले. छताकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "दूध... आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं," बाई म्हणाल्या. दाताच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसलेल्या दोन अनोळखी माणसांसारखी दोघं थोडा वेळ बसली. मग बाईंनी गठ्ठा पुढे ओढला.

आठवड्यातून एकदा फिजिओताईकडे जायचं असायचं. तिथे ती मास्तरांच्या कमरेला पट्टा बांधून, स्वतः तो मागून धरून, मुद्दाम दोन कामं एकदम करायला लावायची. "इथे माझ्या हातात आहात म्हणून. रस्त्यावर नाही हं," असं बजावून. पाण्याचा अर्धा पेला घेऊन चाला. भाज्यांची नावं घेत चाला. पेला डुचमळायचा, भेंडीनंतर मास्तर उभेच राहायचे.

एक दिवस ती म्हणाली, "सर, आज तुमच्या विषयातलं घेऊ. चालत चालत शंभरातून सात-सात वजा करत या."

मास्तरांनी बाईंकडे बघितलं.

"त्यांचा विषय कुठला गं?" बाईंनी विचारलं.

"गणित ना? का मराठी? सगळे मास्तर मास्तर म्हणतात म्हणून..." ती गोंधळली.

बाई खूप दिवसांनी हसल्या. "अगं, ते बसमधले मास्तर. कंडक्टर."

फिजिओताईने कपाळावर हात मारून घेतला. मग तिचा चेहरा उजळला. "मग तर सोपं झालं! तुमच्या रूटचे थांबे सांगत चला, काका. पाठ असतील ना?"

पाठ असतील ना! मास्तर ताठ झाले. काठी पुढे टाकली, पाऊल टाकलं, आणि बाईंच्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज बसमधला होता. "पाण्याची टाकीऽऽ!" आणि मास्तर थांबले. मग निघाले. "पोस्टऽऽ!" थांबले. निघाले. "कापड गिरणीऽऽ!" पुन्हा थांबले.

"थांबू नका काका. बोलत बोलत चालायचंय."

"थांब्यावर... थांबायचं नाही?" मास्तरांनी मनापासून आश्चर्याने विचारलं. "मग लोक... उतरणार कसे?"

फिजिओताई पट्टा धरून खो-खो हसली. बाईही हसल्या. घरी जाताना रिक्षात त्यांना पुन्हा पुन्हा हसू येत होतं. पण त्यात कळायचं होतं ते काही त्यांना कळलं नाही. हसण्यात बऱ्याचदा कामाची गोष्ट निसटते.

कारण त्याच सुमाराला मास्तर रस्त्यातही थांबायला लागले होते. टपरीपलीकडच्या कट्ट्याशी आले की थांबायचे, कट्ट्याला टेकायचे आणि काठी एकदा जमिनीवर आपटायचे. टक. पोस्टाच्या पेटीशी तेच. छापखान्याच्या शटरशी तेच. बाई घाबरायच्या. "दमलात का?" मास्तर मान हलवून नाही म्हणायचे आणि तोंड उघडायचे. शब्द यायला त्यांना वेळ लागायचा. तेवढ्या वेळात बाईंना पुन्हा ती फुटलेली भुवई दिसायची. "बोलू नका. नको बोलायला. चला, चला." आणि कोपर धरून त्या त्यांना पुढे काढायच्या. काठीचा तो आवाज म्हणजे तोल सावरण्याचा, असं त्यांनी धरलं होतं. रोज थांबायचं, रोज टक, रोज "चला, चला."

असं किती तरी दिवस चाललं. मग एका संध्याकाळी चहा झाला, गॅस बंद झाला, आणि चौकटीवर टक टक झालीच नाही.

"उठा ना," बाई म्हणाल्या. "उशीर होतोय."

"नको."

"बरं नाही का?"

"बरं आहे." मास्तर खिडकीकडे बघत होते. "फिरायला... नको. तिकडे जाऊ. लेकीकडे."

बाईंना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ज्या खुर्चीपासून त्यांना वाचवण्यासाठी आपण रोज जीभ चावत होतो, ती खुर्ची ते स्वतःच्या तोंडाने मागत होते. "पडला नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "इतके दिवस एकदाही पडला नाहीत. मी पडू दिलं नाही."

"हो," मास्तर म्हणाले. त्या हो मध्ये इतकं काही होतं की बाईंनी पुढे विचारलं नाही. घरात विचारायची सवयच नव्हती.

लेकीला फोन गेला. ती खूश झाली, आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी न्यायला येते म्हणाली. बाईंनी बॅगा भरल्या. मास्तरांचे शर्ट, औषधं, दाढीचं सामान. कारखान्याला उरलेला गठ्ठा परत पाठवला. रविवारी दुपारी घर आवरून झालं तेव्हा ते मुळी आवरायचं नव्हतं असं त्यांना वाटायला लागलं. चहा ठेवला. मास्तरांनी उठून बटण फिरवलं आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

लेक यायला अवकाश होता. बाई दारापर्यंत गेल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः, बोटाच्या पेराने, चौकटीवर वाजवलं. टक टक.

मास्तरांनी वर बघितलं. मग काठी शोधली.

संध्याकाळ नेहमीसारखीच होती. इस्त्रीवाला पाण्याचे शिंतोडे मारत होता. बाईंनी कोपर धरलं होतं आणि मनातल्या मनात त्या सगळ्याचा निरोप घेत होत्या, टपरीचा, शटरचा, उतरत्या फुटपाथचासुद्धा. कट्टा आला. मास्तर थांबले. कट्ट्याला टेकले. काठी उचलली आणि आपटली. टक.

"दमलात? बसा हवं तर. बोलू नका." आणि बाईंचा हात सवयीने कोपराला गेला. "नाहीतर चला, चला."

"डबल कोणी दिली?"

इस्त्रीवाल्याने दचकून मान वर केली. बाईंनी हात काढून घेतला. तो आवाज गर्दीत मागच्या दारापर्यंत जाणारा होता.

"काय?"

"मी एक दिली." मास्तरांनी काठी पुन्हा आपटली. टक. "एक! गाडी... उभी आहे. पॅसेंजर... उतरायचाय. आणि तू आपली... डबल. रोज डबल!"

बाई काठीच्या टोकाकडे बघत राहिल्या. दोन घंटा त्यांना झोपेतही कळल्या असत्या. एक घंटा त्यांच्या संसारात कधी वाजलीच नव्हती. त्या दोघांना कधी थांबायचंच नव्हतं, मग ती वाजवणार कोण?

"तिनं सांगितलं," मास्तर म्हणाले. शब्दामागे शब्द ओढत होते, पण सोडत नव्हते. "ताईनं. चालताना... नको. बोलायचं तर... थांबा. धरा. मग बोला. तू... रिक्षा बघायला गेलीस."

म्हणजे अर्धंच ऐकलं होतं. त्या अर्ध्यावर बाईंनी एवढी मोठी शिस्त उभी केली होती. भरल्या थांब्यावरून गाडी न थांबवता नेणाऱ्या ड्रायव्हरला मास्तर कायकाय बोलायचे, ते बाईंना तोंडपाठ होतं. ते सगळं आता त्यांनी स्वतःला एकदा म्हणून घेतलं. हा माणूस रोज हात उंच करून उभा होता आणि आपण रोज त्याला तिथेच टाकून पुढे गेलो.

"बोला," त्या म्हणाल्या. "गाडी उभी आहे. बोला तुम्ही."

आता बोलायला मिळालं तर शब्द पळाले. मास्तरांनी कट्टा घट्ट धरला, डोळे मिटले. पूर्वीच्या बाई असत्या तर त्यांनी मधेच दोन शब्द सुचवले असते. आताही ओठांवर आले होते, पण त्या थांबल्या. इस्त्रीवाला एकाच शर्टाची घडी मोडून पुन्हा घालत होता.

"गॅस," मास्तर म्हणाले.

"काय गॅसचं?"

"बंद केला होता."

"हो, बघितलं की मी आत्ता. चहा झाल्यावर लगेच..."

"आत्ता नाही. तेव्हा." मास्तरांनी भुवईवरच्या वणाला बोट लावलं. "तू विचारलंस. उत्तर... राहिलं."

बाई कट्ट्यावर बसल्या. "अहो, मी घरी जाऊन बघितलं होतं तेव्हाच. बटण बंद होतं. मला माहीत होतं हो."

"तू बघितलंस. मी... सांगितलं नाही."

"मग घरी नाही का सांगायचं?"

मास्तरांनी, किती खुळी आहेस, अशा नजरेने त्यांच्याकडे बघितलं. "रस्त्यातलं... रस्त्यात."

बाई रडल्या. भर रस्त्यात, पदर तोंडाला न लावता रडल्या. गेलेल्या सगळ्या मुक्या संध्याकाळींसाठी रडल्या, आणि मधेच हसू आलं म्हणून हसल्याही. त्या रस्त्यावर या माणसाने त्यांचा एकही प्रश्न कधी अनुत्तरित ठेवला नव्हता. हाही ठेवला नव्हता.

"एवढ्यासाठी रोज थांबत होतात?" नाक पुसत त्यांनी विचारलं.

"एवढं नाही. हे... पहिलं." मास्तरांनी काठीने मागे कुठेतरी दाखवलं. "बाकीचे... मागे उभे आहेत. मोठी रांग आहे."

मग त्यांनी काठी दोनदा आपटली. टक टक. बाई उठल्या. पोस्टाच्या पेटीपर्यंत दोघंही एक अक्षर बोलली नाहीत. मास्तरांचे डोळे पायाकडे होते, बाईंचे डोळे मास्तरांच्या पायाकडे. रोजच्यासारखंच सगळं. पण आता ते गप्प राहणं बाईंना जड जात नव्हतं. पुढचा थांबा येणार होता.

पेटीशी टक झाली. मास्तरांनी पेटीवर हात ठेवला.

"तिकडे," ते म्हणाले, "रस्ता आहे?"

"लेकीकडे? गाड्यांचा आहे."

"आपला?"

"नाही हो."

"मग नाही जायचं."

"मी बॅगा भरल्यात," बाई म्हणाल्या.

"रिकाम्या... कर."

शटरशी मास्तरांना फिजिओताईचं गणित आठवलं आणि ते सांगायला त्यांनी बराच वेळ घेतला. परत येताना कट्ट्याशी बाईंनी त्यांना विचारलं, दवाखान्यात असताना डोळे उघडे ठेवून तुम्ही कशाकडे बघत राहायचात. त्याचं उत्तर आलं ते त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही. रस्त्यातलं आहे. पूर्वी दोघं एवढ्या वेळात दोनदा जाऊन आली असती. इस्त्रीवाल्याने टपरी बंद केली, रस्त्यातले दिवे लागले.

विजेच्या खांबाशी आली तेव्हा दार उघडं दिसत होतं. लेक उंबऱ्यात उभी होती, रस्त्याकडे डोळे लावून. तिने दोघांना बघितलं आणि चार पावलं धावत पुढे आली. "आई! अगं किती वेळ? पडले की काय बाबा?"

"नाही गं. थांबत थांबत आलो."

"मला घोर लागला ना. बॅगा तशाच, घरात कुणी नाही. चहा ठेवलाय मी. थांब, गॅस बंद करून येते."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "ते काम ह्यांचं आहे. तू नुसता मंद कर आणि तिथेच उभी राहा."

लेक आत गेली. बाई वाट बघत होत्या, आता हे म्हणतील, शेवटचा थांबा, गाडी रिकामी करा. मास्तरांनी खांदा खांबाला लावला, श्वास घेतला आणि काठी एकदा आपटली. टक.

"अगं," ते म्हणाले, "ती म्हातारी... कोंबडीच्या पिल्लाची..."

"हं," बाई म्हणाल्या, आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या.